नाडी लागत नाही तेव्हा

वय विशी-पंचविशीचे. रक्तदाब साठीतल्या माणसालाही झेपू नये इतका. डोके सतत ठणकते, चार पावले भराभर टाकली की पोटऱ्यांत गोळे येतात आणि जांघेत बोट ठेवून पाहिले तर नाडी जेमतेम लागते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांना अशा रुग्णांनी कोड्यात टाकले. म्हातारपणी धमन्या कडक होतात, त्यांत चरबी साठते, हे सर्वांना ठाऊक होते. पण ज्याने अजून संसारही मांडलेला नाही, त्याच्या शरीरातली सर्वांत मोठी धमनी अशी आवळत का जावी, याचे उत्तर त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत नीट सापडत नव्हते.

मुंबईत या प्रश्नाचा पिच्छा पुरवला गेला आणि त्यातून जगाच्या वैद्यकात मोलाची भर पडली. आज हा आजार झालेल्या रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांना हमखास विचारतात, ‘मेंदूचा झटका येऊ नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी सुरू करायची का?’ याचे उत्तर सरसकट ‘हो’ असे देता येत नाही आणि सरसकट ‘नाही’ असेही देता येत नाही. तसे का, हे समजायला दोन इतिहास शेजारी ठेवून पाहावे लागतात. एक धमनीच्या भिंतीचा, दुसरा रक्ताच्या गुठळीचा. हे दोन्ही इतिहास बराच काळ स्वतंत्रपणे घडत गेले.

भिंतीचा इतिहास जुना आहे. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम सॅव्हरी यांनी एका तरुण स्त्रीची नोंद केली. तिच्या दोन्ही हातांच्या आणि मानेच्या डाव्या बाजूच्या मुख्य धमन्या पूर्ण बुजलेल्या होत्या. पण आजाराला नाव मिळाले ते जपानमधून, तेही एका नेत्रतज्ज्ञाचे. कानाझावाचे मिकितो ताकायासू यांनी १९०५ साली नेत्रतज्ज्ञांच्या सभेत एका तरुणीच्या डोळ्याची हकिगत मांडली. तिच्या नेत्रपटलावरच्या बारीक रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जाऊन दृष्टिमज्जेच्या टोकाभोवती त्यांचे कडे तयार झाले होते. त्याच सभेत ओनिशी आणि कागोशिमा या दोन सहकाऱ्यांनी सांगितले की, असे डोळे असलेल्या त्यांच्या रुग्णांच्या मनगटाची नाडी लागत नव्हती. डोळा आणि मनगट यांचा संबंध पुढे स्पष्ट झाला. महाधमनीच्या कमानीतून हाताकडे आणि डोक्याकडे जाणाऱ्या शाखा अरुंद झाल्यामुळे हातात नाडी उरत नव्हती, आणि रक्ताला आसुसलेले नेत्रपटल नव्या वाटा काढत होते. १९५१ साली शिमिझू आणि सानो यांनी इंग्रजीत लेख लिहून जगाला या ‘नाडीहीन आजारा’ची ओळख करून दिली.

मुंबईतले चित्र मात्र या वर्णनाशी पूर्ण जुळेना. जपानमधले बहुतेक रुग्ण म्हणजे तरुण स्त्रिया, आणि त्यांचा आजार मुख्यतः छातीच्या वरच्या भागातल्या शाखांचा. इथे पुरुषही दिसत होते आणि आजार पोटातल्या महाधमनीत, मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या शाखांच्या आसपास ठाण मांडून बसलेला असे. त्यामुळेच इथल्या रुग्णांचा रक्तदाब वाढलेला असे. यामागचे गणित १९३४ साली हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवून दिले होते. मूत्रपिंडाची धमनी चिमट्याने थोडी आवळली की साऱ्या शरीराचा रक्तदाब चढतो, कारण कमी रक्त मिळालेले मूत्रपिंड दाब वाढवणारी रसायने सोडत राहते. त्या प्रयोगात चिमट्याने जे केले, तेच परळच्या रुग्णांत आजार करत होता.

केईएममध्ये तेव्हा डॉ. प्रफुल्लकुमार सेन शस्त्रक्रिया विभागाचे नेतृत्व करत होते. फेब्रुवारी १९६८मध्ये, ख्रिस्तियान बर्नार्ड यांच्या पहिल्या हृदयप्रत्यारोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, सेन यांनी भारतातले पहिले हृदयप्रत्यारोपण केले आणि लोकांच्या लक्षात ते त्यासाठीच राहिले. धमन्यांच्या या आजारावरचे त्यांच्या चमूचे काम त्या मानाने प्रकाशात आले नाही. सेन यांच्याबरोबर विकृतिशास्त्राची बाजू डॉ. एस. जी. किनरे यांनी सांभाळली, शस्त्रक्रियेची डॉ. जी. बी. परुळकर यांनी. १९६२ साली या मंडळींनी महाधमनी अरुंद करणाऱ्या, कारण न कळलेल्या दाहाबद्दल लिहिले. १९६३ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ‘मिडल एओर्टिक सिंड्रोम’ या मथळ्याचा लेख आला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला त्यांचा ग्रंथ मुंबईतून प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी आजाराला कुणा माणसाचे नाव दिले नाही. ‘नॉन-स्पेसिफिक एओर्टोआर्टेरायटिस’, म्हणजे महाधमनी आणि तिच्या शाखांचा अविशिष्ट दाह, असे म्हटले. भारतातले अनेक डॉक्टर आजही हेच नाव वापरतात.

या अभ्यासाचे बळ तीन तपासण्या एकत्र आणण्यात होते. रुग्णाच्या खाटेजवळची बोटांनी केलेली तपासणी, धमनीत औषध सोडून काढलेली क्ष-किरण चित्रे, आणि शस्त्रक्रियेत किंवा मृत्यूनंतर हाती आलेली प्रत्यक्ष धमनी. ही शेवटची गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. निरोगी तरुणाची महाधमनी लांबीत चिरून उघडली तर आतला पृष्ठभाग गुळगुळीत आणि ओलसर चमकदार असतो. या आजारात तो बाभळीच्या सालीसारखा खडबडीत, सुरकुतलेला आणि पांढुरका दिसतो. भिंतीची जाडी काही ठिकाणी कितीतरी पटींनी वाढलेली असते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर दाहाची सुरुवात बाहेरच्या आणि मधल्या थरांत, भिंतीलाच रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांभोवती झालेली दिसते. लवचीक तंतू तुटतात, त्यांच्या जागी व्रणाची ऊती भरते, आतला थर फुगत जाऊन पोकळी कमी होते. अशा खडबडीत, अरुंद जागी रक्त रेंगाळले की गुठळी धरते.

या क्रमातच पुढच्या साऱ्या वादाचे मूळ आहे. आधी भिंत बिघडते, गुठळी नंतर येते. म्हणून नुसती गुठळी अडवली तर भिंतीचे बिघडणे थांबत नाही.

भिंत का बिघडते, याचा शोध किनरे यांना क्षयरोगाकडे घेऊन गेला. १९७० साली त्यांनी भारतातल्या लहान वयातल्या रुग्णांमधला महाधमनीचा दाह आणि क्षय यांच्या संबंधावर लेख लिहिला, कारण अनेक रुग्णांत क्षयाच्या खुणा सापडत होत्या. ज्या देशात क्षय घरोघरी होता तिथे हा संबंध लक्षात येणे स्वाभाविक होते. पण क्षयाचा जंतू धमनीच्या भिंतीत थेट हा आजार करतो, हे सिद्ध झाले नाही. आज हा आजार शरीराच्या स्वतःच्याच रोगप्रतिकारशक्तीने धमनीवर केलेला हल्ला मानला जातो.

या हल्ल्याला आवर घालणारे पहिले औषध १९४८ साली हाती आले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या रुग्णाला कॉर्टिझोन दिले. या कामासाठी हेंच यांना, रसायनशास्त्रज्ञ केंडल आणि राइकश्टाइन यांच्यासह, १९५० साली नोबेल मिळाले. स्टेरॉइडने धमनीचा दाह शमतो हे लवकरच दिसून आले. मात्र व्रण पडून आधीच अरुंद झालेली धमनी स्टेरॉइडने रुंद होत नाही. तिथे शस्त्रक्रिया, कृत्रिम नळीचा बायपास आणि पुढे १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून फुग्याने धमनी रुंदावण्याची पद्धत कामी आली. या साऱ्या उपायांनंतरही एक भीती मागे उरत होती, ती अर्धांगवायूची.

इथे गुठळीचा इतिहास येऊन मिळतो. पुणे जिल्ह्यातल्या दूधदुभत्याच्या शिरूर-दौंड पट्ट्यातल्या शेतकऱ्याला त्याची सुरुवात लगेच समजेल. फेब्रुवारी १९३३मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एड कार्लसन नावाचा शेतकरी मेलेली गाय आणि कॅनभर न गोठलेले रक्त घेऊन, बर्फाच्या वादळातून मॅडिसनच्या विद्यापीठात पोहोचला. त्याची जनावरे आतल्या आत रक्तस्राव होऊन मरत होती. ती ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचा बुरशी लागलेला सुका चारा खात होती. कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने काही वर्षे खपून त्या चाऱ्यातला रक्त गोठू न देणारा घटक, डायक्युमॅरॉल, वेगळा काढला. त्याच कुळातले वॉरफरिन १९४८ साली आधी उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ साली माणसांसाठी मान्य झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर ते देण्यात आले.

दुसरे औषध घराघरात आधीच होते. कॅलिफोर्नियातले डॉक्टर लॉरेन्स क्रेव्हन टॉन्सिल काढलेल्या रुग्णांना वेदना कमी व्हाव्यात म्हणून ॲस्पिरिनचे च्युइंगगम देत. ते जास्त चघळणाऱ्यांना रक्तस्राव जास्त होतो, हे त्यांच्या ध्यानात आले. मग हेच औषध हृदयातली गुठळीही रोखेल, असे त्यांनी १९५०च्या आसपास लिहिले. एका साध्या डॉक्टरच्या निरीक्षणाकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. १९७१ साली जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिन शरीरात नेमके काय अडवते हे दाखवले आणि १९८२च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, एकमेकींना चिकटून गुठळीचा पाया घालतात. ॲस्पिरिनचा स्पर्श झालेली बिंबिका तिच्या आठ-दहा दिवसांच्या उरलेल्या आयुष्यात ते काम नीट करू शकत नाही. म्हणून रोजची छोटी गोळी पुरते. १९७८ साली कॅनडातल्या ५८५ रुग्णांच्या अभ्यासात, मेंदूच्या झटक्याची पूर्वसूचना मिळालेल्यांमध्ये ॲस्पिरिनने झटका किंवा मृत्यू यांचा धोका ३१ टक्क्यांनी घटला. हा फायदा तेव्हा पुरुषांत ठळक दिसला, स्त्रियांत दिसला नाही. स्त्रियांनाही तो होतो हे पुढच्या मोठ्या अभ्यासांनी दाखवले.

बोलीभाषेत या सर्वांना आपण ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणतो. प्रत्यक्षात रक्त पातळ होत नाही, त्याची गोठण्याची शक्ती कमी होते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ही औषधे बिंबिकांना आवरतात. वॉरफरिन आणि आपल्याकडे जास्त दिले जाणारे ॲसिट्रॉम ही औषधे ‘के’ जीवनसत्त्वावर चालणारी गोठण्याची साखळी अडवतात. दुसऱ्या गटासाठी पुन्हापुन्हा रक्ततपासणी करून आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आकडा, पाहावा लागतो. मेथी-पालकाचे प्रमाण एकदम वाढले किंवा घटले तरी आकडा हलतो. पहिला गट सोपा आहे, पण तोही निर्धोक नाही.

मग ही औषधे धमनीदाहाच्या रुग्णांना का देऊ नयेत? हा प्रश्न आधी ऐरणीवर आला तो या आजाराच्या मोठ्या बहिणीबाबत. उतारवयात कानशिलाच्या धमन्यांना दाह होऊन डोकेदुखी आणि अंधत्व आणणारा ‘जायंट सेल आर्टेरायटिस’ युरोप-अमेरिकेत जास्त आढळतो. १९३२ साली मेयो क्लिनिकच्या बेयर्ड हॉर्टन यांनी त्याचे नीट वर्णन केले होते. २००४ साली जेरुसलेमच्या गिदोन नेशर यांनी अशा १७५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निदानाच्या वेळी जे आधीपासून, दुसऱ्या कारणासाठी, कमी मात्रेचे ॲस्पिरिन घेत होते त्यांच्यापैकी ८ टक्क्यांना दृष्टी किंवा मेंदूची इजा झालेली होती. न घेणाऱ्यांत हे प्रमाण २९ टक्के होते. फरक डोळ्यांत भरणारा होता. २००९ साली युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने या आजाराच्या सर्व रुग्णांना कमी मात्रेचे ॲस्पिरिन द्यावे, अशी शिफारस केली. पाठोपाठ २०१० साली ब्राझीलमधून ताकायासूच्या ४८ रुग्णांचा अभ्यास आला. बिंबिकांना आवरणारी औषधे घेणाऱ्यांना रक्त अडल्याने होणाऱ्या इजा कमी झाल्या होत्या.

पण हे सारे अभ्यास जुन्या नोंदी चाळून केलेले होते. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडायचे, एकाला औषध आणि एकाला नुसती साखरेची गोळी द्यायची, अशी कसोटी या आजारात लागलेली नव्हती. दुसऱ्या काही अभ्यासांत फायदा दिसला नाही, आणि रक्तस्रावाचा धोका तर ठरलेलाच. म्हणून २०१८च्या सुधारित शिफारशींत त्याच युरोपीय संघटनेने पाऊल मागे घेतले: दुसरे कारण असल्याखेरीज रक्त पातळ करणारे औषध सरसकट देऊ नये. २०२१ साली अमेरिकेतल्या संघटनेने मधली वाट आखली. आजार धगधगत असेल आणि मेंदूकडे जाणाऱ्या मानेच्या धमन्या धोकादायक पातळीपर्यंत अरुंद झाल्या असतील, तर मूळ उपचाराच्या जोडीला ॲस्पिरिन द्यावे.

बारा वर्षांतला हा प्रवास पाहून डॉक्टरांचे एकमत नाही, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. पुरावा तोकडा आहे हे त्यांनी उघडपणे मान्य केले आणि रुग्णागणिक निर्णय घ्यायचा मार्ग धरला. भारतीय रुग्णाबाबत हा निर्णय आणखी नाजूक होतो, आणि त्याचे कारण केईएमच्या मंडळींनी साठ वर्षांपूर्वी टिपले होते: इथला आजार मूत्रपिंडाच्या धमन्या आवळतो आणि रक्तदाब वाढवतो. मेंदूचा झटका दोन प्रकारे येतो, रक्त अडून किंवा रक्तवाहिनी फुटून. मानेची धमनी अरुंद असलेल्या तरुणीला पहिल्याची भीती असते, तिथे ॲस्पिरिन उपयोगी पडू शकते. ज्याचा रक्तदाब बेफाम आहे त्याला दुसऱ्याची भीती असते, आणि तिथे रक्ताची गोठण्याची शक्ती कमी करणे म्हणजे संकट ओढवून घेणे. कित्येकदा दोन्ही भीती एकाच रुग्णात एकत्र असतात. म्हणून आधी रक्तदाब काबूत आणायचा आणि दाह शमवायचा, हाच क्रम.

रक्तदाब मोजण्यातही एक सापळा आहे. डाव्या हाताची धमनी अरुंद असेल तर त्या दंडाला पट्टा बांधून घेतलेला आकडा खोटा निघतो. यंत्र ११० दाखवते आणि मेंदूवर प्रत्यक्षात १८० चा दाब पडत असतो. दोन्ही हातांच्या धमन्या बुजलेल्या असतील तर मांडीला रुंद पट्टा बांधून, गुडघ्याच्या मागे नाडी ऐकून दाब घ्यावा लागतो. पोटातली महाधमनीही अरुंद असेल तर तोही आकडा फसवतो आणि धमनीत नळी घालून थेट दाब मोजावा लागतो. १९९०च्या अमेरिकी निकषांत दोन हातांच्या रक्तदाबातला १० पेक्षा जास्त फरक ही या आजाराची एक खूण धरली होती. दंडाची मंद नाडी, गळ्याच्या हाडाखाली किंवा पोटावर स्टेथोस्कोपने ऐकू येणारी रक्ताची घरघर आणि चाळिशीच्या आत सुरू झालेला आजार, या खुणाही त्याच यादीतल्या. त्या शोधायला महागडे यंत्र लागत नाही.

मुंबईत सुरू झालेले काम पुढे देशभर पसरले. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने १९८९ साली ८८ रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा प्रसिद्ध केला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉ. देबाशिष दांडा आणि सहकाऱ्यांनी ‘आयटास २०१०’ ही आजाराची धग मोजण्याची भारतीय गुणपद्धती तयार केली. ही धग ओळखणे अवघड असते, कारण दाह दाखवणारा रक्तातला ईएसआर सामान्य असतानाही भिंतीत दाह चालू असू शकतो. आज स्टेरॉइडच्या जोडीला मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट आणि टोसिलिझुमॅबसारखी नवी औषधे आहेत. बऱ्याच रुग्ण स्त्रिया मूल होण्याच्या वयातल्या असल्याने औषध निवडताना तोही विचार होतो. गरोदरपणात वॉरफरिनने गर्भाला इजा होऊ शकते, कमी मात्रेचे ॲस्पिरिन मात्र देखरेखीखाली चालते.

या इतिहासाचा आपल्या शिरूर-दौंड भागाशी काय संबंध? सणसवाडी पुणे-नगर रस्त्यावरचे कारखान्यांचे गाव. राज्याच्या आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून विशी-तिशीची मुले-मुली इथे कामाला येतात. हा आजार विरळा असला तरी तो पकडतो याच वयाला, आणि रक्तदाबाची तपासणी झाली तर बहुधा एकाच हाताला पट्टा बांधून. सणसवाडीपासून जवळच, वढू बुद्रुकला, १९७०च्या दशकात डॉ. बानू कोयाजींनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातर्फे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. गावातल्याच माणसांना शिकवून आरोग्याचे काम त्यांच्या हाती देता येते, हे त्यांनी दाखवले. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांतल्या जन्म-मृत्यूंची आणि आजारांची सलग नोंद ठेवण्याचे काम तिथे पुढे उभे राहिले. नाडी पाहणे आणि दोन्ही दंडांना पट्टा बांधणे हे प्रशिक्षित आरोग्यसेविकेला सहज जमणारे काम आहे, आणि ते करण्याची परंपरा या मातीत आधीपासून आहे.

गोळीबद्दलही एक इशारा द्यायलाच हवा. शेजाऱ्याला हृदयविकारासाठी दिलेली ॲस्पिरिनची पट्टी आपणही सुरू करावी, किंवा ताप आला म्हणून चालू औषध परस्पर बंद करावे, असे दोन्ही प्रकार घडतात. पावसाळ्यात डेंग्यूचा ताप आला की बिंबिका आधीच घटलेल्या असतात. अशा वेळी ॲस्पिरिन घेणाऱ्याने लगेच आपल्या डॉक्टरांना गाठले पाहिजे. सुरू करणे आणि थांबवणे, दोन्ही निर्णय त्यांचेच.

सेन, किनरे आणि परुळकर यांच्या पिढीकडे ना एमआरआय होता ना टोसिलिझुमॅब. बोटे होती, क्ष-किरण चित्रे होती आणि मेलेल्या रुग्णाकडूनही शिकण्याची चिकाटी होती. भारतीय तरुणाच्या वाढलेल्या रक्तदाबाचे कारण धमनीच्या भिंतीतही शोधावे लागते, हे त्यांनी दाखवून दिले. तेव्हा मिळालेले हे ज्ञान आज कारखान्याच्या दवाखान्यापर्यंत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचले पाहिजे. चाळिशीच्या आतल्या कुणाचाही रक्तदाब वाढलेला आढळला, तर दोन्ही हातांचा दाब आणि चारही अंगांची नाडी तपासल्याशिवाय त्याच्या हातात कसलीही गोळी ठेवू नये, हा नियम शिरूर-दौंडमध्ये आजपासून पाळता येईल. त्याला खर्च नाही, काही मिनिटांचा वेळ लागतो, आणि वेळेवर निदान झाले तर एका तरुण माणसाचा अर्धांगवायू टळू शकतो.